डोंगरावरचं पाणी आणि काविळीचा प्रश्न

परवा दुपारी मीना दाराशी पाठांतर करत बसली होती आणि मी मोरीत भांडी घासत होते. "कावीळ हा रोग अस्वच्छ राहणीमुळे होतो. कावीळ हा रोग अस्वच्छ राहणीमुळे होतो." पाठ करताना आमच्या मुली पुढेमागे डोलतात. एकेक वाक्य इतक्या वेळा म्हणतात की ऐकणाऱ्यालाही पाठ व्हावं. मला हे वाक्य आधीपासूनच पाठ होतं. माझा हात तव्यावरच थांबला. राखेनं काळी झालेली बोटं तशीच धरून मी बसले आणि असा संताप उसळला की वाटलं, हा तवा कोणाला तरी फेकून मारावा. पण मारणार कोणाला? समोर बिचारी मीना, आमची धाकटी, नववीतली. मी तवा पुन्हा घासायला घेतला. इतका घासला की सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "गो, भोक पाडतलंस काय तेका?"

मार्च लागला की बाजारात कैऱ्या येतात, दुपारचा पत्रा तापून कडकड वाजायला लागतो, नळाची धार करंगळीएवढी होते आणि दारादारात मुली डोलायला लागतात. कोणाला या दिवसांत परीक्षेची धडकी भरते, कोणाला गाव आठवतो. मला राग येतो. बाकीचं वर्षभर तो कुठे असतो कोण जाणे. लोणच्याच्या बरणीसारखा फळीवर मागे सरकवलेला असावा. कैरी दिसली की पुढे येतो.

मी मोठ्यानं रागावणारी बाई नाही. चौथी शिकले. आमच्या गावच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते, पुढची शाळा खाडीपलीकडे, आणि खाडीपलीकडे मुलीला कोण पाठवणार? चारचौघांत मला बोलता येत नाही. घरी कोणी आलं की मी आत जाते, आणि आमच्या एका खोलीत आत म्हणजे स्टोव्हकडे तोंड करून उभं राहणं. ह्यांच्या कंपनीतल्या एका मित्राला कितीतरी दिवस वाटत होतं की मी मुकी आहे. म्हणून लिहिते. मीनाच्या जुन्या वह्यांत कोरी पानं उरतात, दुपारी सगळे गप्प असतात. लिहिताना कोणी माझ्या तोंडाकडे बघत नाही.

नंदा आमची थोरली. ती नववीत होती तेव्हा मीना दुसरीत. आता मीना नववीत आली. धडा तोच, चित्र तेच, वाक्य तेच.

नंदा नुसती पाठ करायची नाही. वाचलेलं तिला कोणाला तरी सांगावं लागायचं, आणि घरात ऐकून घेणारी मीच. "ए आई, पेशी म्हणजे काय सांग." मला काय ठाऊक? "आपली चाळ बघ. एकाला एक लागून खोल्या, प्रत्येकीला भिंत, आत ज्याचा त्याचा संसार. तसं तुझं अंग म्हणजे अशा खोल्याच खोल्या. डोळ्यांनी न दिसणाऱ्या." मी भाकरी थापता थापता हाताकडे बघितलं. एवढी वस्ती माझ्या हातात राहते आणि मला पत्ता नाही. पुढे कित्येक दिवस पीठ मळताना मला उगाच वाटायचं, खोल्यांना धक्के बसत असतील.

एकदा तिनं बटाटा अर्धा कापला, आत चमच्यानं कोरून वाटी केली, वाटीत साखर घातली आणि बटाटा पाण्याच्या बशीत ठेवला. सासूबाई ओरडल्या, "खावच्या वस्तूची नासाडी!" दिवस कलताना साखरेच्या वाटीत पाणी भरलेलं. वरून कोणी घातलं नव्हतं. "बशीतलं पाणी बटाट्याच्या भिंतीतून आत गेलं," नंदा म्हणाली. "जिकडे साखर नाहीतर मीठ जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. तू कैरीला मीठ लावून ठेवतेस, कैरीला पाणी सुटतं ना? तेच. कैरीच्या खोल्यांतलं पाणी मीठ बाहेर ओढतं." म्हणजे मी जन्मभर लोणच्याला जे करत आले त्याला पुस्तकात नाव होतं. परासरण. मला हसूच आलं. सासूबाईंनी तो बटाटा रस्सा करून सगळ्यांना खायला लावला. रस्सा गोड झाला होता.

हे एवढ्यासाठी लिहिते की मला पुस्तकाचा राग नव्हता. उलट मला ते आवडायचं. गाभुळलेली चिंच खावी तशी मी नंदाच्या तोंडून ती वाक्यं खायची. म्हणूनच त्या एका वाक्याचा राग जास्त.

ह्यांनी त्या वर्षी आधीच सांगून ठेवलं होतं, "नववी नापास झाली तर शाळा बंद. मीनाचंही करायचंय. विक्रोळीला कंपनीत मुली घेतात पॅकिंगला." हे वाईट नाहीत. दमून येतात. पण बोलले की बोलले. नंदानं ऐकलं, मान हलवली आणि त्या दिवसापासून जास्तच डोलायला लागली.

आमचं घर घाटकोपरच्या डोंगरावर. स्टेशनापासून चालत यायचं, मग पायऱ्या, मग दगड, मग आमची ओळ. वर पत्रा, खाली शहाबादी, भिंती निम्म्या विटांच्या. नळ सगळ्या ओळीला एक. पाणी पहाटे यायचं आणि पुरतं उजाडायच्या आत जायचं. त्या नळाला येणारा पाइप गटारातून येतो. गटाराच्या शेजारून म्हणत नाही मी, गटारातून. डोंगर दगडाचा. पाइप टाकायला आलेल्या माणसांना दगड फोडायचा कंटाळा आला. गटार आयतं खणलेलं होतं, त्यात पाइप आडवा केला आणि गेले. सांध्यांना चिंध्या आणि सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. वरून सगळ्या डोंगराचं सांडपाणी.

आणि आम्ही अस्वच्छ. मी त्या पाण्याला काय काय केलं हे पुस्तक लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं नसणार. चारपदरी फडक्यातून गाळायचे. तुरटी फिरवायचे. पिंप दर आठवड्याला उन्हात पालथं घालायचे. पितळेचा हंडा चिंचेनं असा घासायचे की त्यात तोंड दिसावं. सासूबाईंच्या सोवळ्यापायी तर पिण्याच्या पाण्यात कोणाचं बोट बुडण्याची सोय नव्हती. नळाची धार बारीक झाली की पाण्याला वास यायचा, पहिलं भांडं पिवळट, मग जरा बरं. पहिलं भांडं ओतून द्यायचं आणि पुढचं भरायचं, असं आम्ही सगळ्या बायका करायचो. म्हणायचो, आता चांगलं आलं.

त्या मार्चात आमच्या ओळीत घराघरात कावीळ शिरली. आधी टोकाच्या घरातली सून, मग तिची पोरं, मग समोरचे. नंदाला जेवण नकोसं झालं. मला वाटलं, परीक्षेची भीती. लघवी पिवळी होते म्हणाली, मला वाटलं, ऊन. आईला जे वाटतं ते काय कामाचं असतं?

कळलं ते शाळेत. विज्ञानाच्या बाई नेमका तोच धडा शिकवत होत्या. बाई काही दुष्ट नव्हत्या. शिकवायच्या छान, नंदाच सांगायची. त्यांनी नंदाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, डोळे बघू तुझे. खालची पापणी ओढ. बघा मुलींनो, आपण हेच शिकतोय. पांढरं असतं ते पिवळं झालंय. कुठे राहतेस तू?"

"डोंगरावर, बाई."

"मग."

एवढंच. मग. त्यांनी तिला घरी पाठवलं, डॉक्टरकडे जा म्हणाल्या. शेजारच्या मुलींनी पाण्याच्या बाटल्या उचलून पलीकडे ठेवल्या. नंदा उन्हातून एकटी डोंगर चढून आली, दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, बाईंनी डोळे ओळखले ते बरोबरच गं. पण 'मग' कशाला म्हणाल्या?"

त्या शब्दावर मी अजून जळते. एखाद्यानं शिवी दिली तर निदान आपण चिडलो हे त्याला कळतं. 'मग' म्हणणाऱ्याला काय कळणार?

डोंगराखालच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेल-तूप बंद, आराम, ग्लुकोज, उसाचा रस. नंदानं रसवाल्याचा बर्फ बघितला आणि म्हणाली, "हा बर्फ कुठल्या पाण्याचा?" रसवाला म्हणाला, "पिना है तो पी, मॅडम." ती प्यायली नाही. मी घरी ऊस आणून, सोलून तिला चावायला करवे करून दिले.

पडून पडून ती मला शिकवायची. यकृत कुठे असतं ते माझ्याच बरगडीखाली हात लावून दाखवलं. म्हणाली, रक्तातल्या तांबड्या पेशी म्हाताऱ्या होऊन मरतात, त्यांचा पिवळा रंग मागे उरतो, तो गाळून बाहेर टाकायचं काम यकृताचं. यकृत सुजलं की ते काम थांबतं, मग तो पिवळा रंग अंगभर फिरतो, डोळ्यांत दिसतो. "म्हणजे काविळीचा हा रंग नवा नाही आई, तो रोजच असतो आपल्यात. फक्त रोज कोणीतरी साफ करत असतं."

"आणि ते सुजतं कशानं?"

"बारीक जंतूंनी. ते पोटातून येतात. पाण्यातून."

"आणि एकदा सुजलं की?"

"भरून येतं. यकृत चिवट असतं आई, थोडं उरलं तरी पुन्हा वाढतं."

ती मला धीर द्यायला सांगत होती. माझं डोकं भलतीकडेच गेलं. चिवट आहे, भरून येतं, म्हणून त्यात कितीही घाण ओतायची का? कोणी ठरवलं हे?

सासूबाईंचा डॉक्टरवर विश्वास नव्हता. काविळीला आमच्याकडे माळ घालतात. कसल्याशा ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले असतात. माळ आधी डोक्यावर बसते, टोपीच्या काठासारखी. दिवस जातात तशी ती आपोआप लांब होते, कपाळावरून गळ्यात उतरते, मग पोटापर्यंत येते. माळ उतरली की कावीळ उतरली. खालच्या वाडीत एक म्हातारा अशा माळा करून द्यायचा. सासूबाई निघाल्या तेव्हा नंदा म्हणाली, "आजी, दोन आण."

"दोन कित्याक? तुका दोन काविळी झाल्यात?"

"आण ना गं."

नातीचं ऐकतात त्या. दोन आणल्या. एक नंदाच्या डोक्यावर बसली. दुसरी तिनं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, कॅलेंडरशेजारी. सासूबाई दचकल्या, पण आजारी पोर म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली. मग रोज आम्ही दोन्ही माळा बघायचो. नंदाची कपाळावर आली, तशी खिळ्याचीही लोंबायला लागली. नंदाची गळ्यात आली, खिळ्याची कॅलेंडरच्या खाली गेली. एके दिवशी सासूबाई खिळ्यासमोर कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "भिंतीची पण उतारली गो."

नंदा इतकी हसली की तिला धाप लागली. मग तिनं सांगितलं, काड्या ओल्या असतात तेव्हा त्यांच्या पेशींत पाणी भरलेलं असतं, काड्या जाड. वाळतात तसं पाणी उडून जातं, काड्या बारीक होतात, गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो. माळ लांबते. "तुझी कावीळ मग कोणी उतरवली?" मी विचारलं. "माझ्या यकृतानं. त्याला वेळ मिळाला म्हणून." तरी तिनं गळ्यातली माळ काढली नाही. "असू दे. आजीला बरं वाटतं."

सासूबाईंना भिंतीचं कोडं पटलं, पण दुसरी गोष्ट पटली नाही. त्यावरून घरात मोठं भांडण झालं. ह्यांचा मावसभाऊ आणि त्याची बायको नंदाला बघायला म्हणून डोंगर चढून आले. घामाघूम. मी रीतीप्रमाणे तांब्या-भांडं घेतलं. दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, मग बोलणं. हे आम्हाला कोणी शिकवत नाही, ते हाताला लागलेलंच असतं. तर खाटेवरून नंदा म्हणाली, "आई, त्यांना पाणी नको देऊस."

पाहुण्यांची बायको माझ्याकडे बघायला लागली. सासूबाईंचा चेहरा लाल. "दारात इलेल्या माणसाक पाणी देवचा नाय? खयची रीत ही? शाळेत ह्याच शिकवतत काय गो तुका?"

"आजी, या पाण्यातच आहे. मला झाली तशी त्यांना होईल."

"आमच्या घरचा पाणी वंगाळ? तुझी आवस रोज चार पदर गाळता ता वंगाळ?"

मी तांब्या हातात धरून उभी. द्यावं तर पोर खरं बोलतेय, न द्यावं तर घराची अब्रू जाते. माझा संताप कोणावर काढावा तेही कळेना. इतक्या वर्षांत आमच्याकडे आलेल्या एकाही माणसाला मी कोरड्या घशानं बसू दिलं नव्हतं. गरिबाच्या घरात द्यायला दुसरं असतं काय? पाणीच तर असतं. तेही कोणीतरी घाण करून ठेवलं. शेवटी नंदाच म्हणाली, "चहा दे ना. चहा उकळलेला असतो." त्या दिवसापासून आमच्याकडे येणाऱ्याला आधी चहा. पुस्तकात लिहिलंय, पाणी चांगलं उकळून गार करून प्यावे. उकळायला रॉकेल लागतं, ते रेशनवर मिळतं, रेशनच्या रांगेत सकाळ जाते. हे पुस्तकात नाही. नंदापुरतं उकळायचे. बाकीच्यांनी तुरटीवर भागवायचं.

परीक्षा आली. डॉक्टर म्हणाले, अजून अशक्तपणा आहे, पण बसू दे. मी तिला शाळेच्या फाटकापर्यंत पोचवायची, हातात उकळलेल्या पाण्याची बाटली. पहिल्याच दिवशी वर्गात बाईंना गळ्यातली माळ दिसली. "काढ ते. विज्ञान शिकतेस ना? असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही." नंदानं काढून दप्तरात ठेवली. भिंतीवरच्या माळेचं तिनं सांगितलं का, असं मी विचारलं. म्हणाली, "त्यांनी विचारलं नाही."

विज्ञानाच्या पेपरात प्रश्न आला, कावीळ कशामुळे होते ते लिहा. घरी आली तेव्हा तिचे गाल लाल होते, कितीतरी दिवसांनी. "आई, मी पुस्तकातलं नाही लिहिलं. आपलं लिहिलं." काय लिहिलं ते तिनं मला बोलून दाखवलं. आमच्या वस्तीचा पाइप गटारात टाकलेला आहे. त्याला भोकं आहेत. नळ सुरू असतो तेव्हा पाणी भोकांतून बाहेर उडतं. नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो, आणि ड्रॉपर दाबून सोडला की दौतीतली शाई आत येते तसा तो पाइप गटाराचं पाणी आत ओढतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच आधी आमच्या भांड्यात येतं. त्यात काविळीचे जंतू असतात. म्हणून आमच्याकडे कावीळ होते. उन्हाळ्यात पाण्याचा जोर कमी असतो, म्हणून उन्हाळ्यात जास्त होते.

मी ऐकत होते आणि मला वाटलं, कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवतंय. इतकी वर्षं मी पहिलं पिवळं भांडं ओतून देत आले आणि ते का पिवळं येतं हे पहिल्यांदा कळलं. माझं गाळणं कमी पडलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी वर्गात पेपर दाखवले. त्या उत्तरावर आडवी लाल रेघ आणि शून्य. बाजूला लिहिलेलं, पुस्तकातील उत्तर लिहावे. आजारपणात अभ्यास बुडाला होता, बाकीचे गुण आधीच काठावर. त्या शून्यानं ती विज्ञानात नापास होत होती. बाईंनी वर्गात सांगितलं म्हणे, "अस्वच्छ राहणी एवढे दोन शब्द लिहिले असतेस तरी गुण मिळाले असते." नंदा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. भिंतीवर माळ होतीच. ह्यांना अजून कळलं नव्हतं. निकाल महाराष्ट्र दिनाला. तोवर जे करायचं ते करायचं होतं.

मी शाळेत कधी गेले नव्हते. पालकांना बोलावलं की हेच जायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे नळावर गेले. सरबताची एक रिकामी बाटली होती, ती घासून घेतली. पहिलं पिवळं भांडं मी ओतून दिलं, खोटं बोलायचं नव्हतं. मागचं, आम्ही ज्याला चांगलं म्हणतो ते घेतलं. गाळलं, तुरटी फिरवली, बाटली भरली आणि बूच लावलं. धुतलेलं लुगडं नेसले. सासूबाईंनी विचारलं, "खय चललंस?" मी म्हटलं, "जाऊन येते."

बाई शिक्षकांच्या खोलीत होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, टेबलावर पेपरांचा गठ्ठा. मी दारात उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. त्यांनीच बघितलं. "कोण हवंय?"

"नंदाची आई."

"या ना, बसा. किती उन्हातून आलात. मावशी, यांना पाणी आणा हो." शिपाईबाईंनी माठातलं पाणी आणलं, स्टीलच्या पेल्यात, खाली बशी धरून. मी प्यायले. गार होतं, आणि त्याला कसलाही वास नव्हता. पाण्याला वास नसतो हे मी विसरूनच गेले होते. आणि तेव्हाच मला राग आला. तिथून डोंगर दिसत होता खिडकीतून. एवढ्याशा अंतरात पाणी इतकं बदलतं?

मी पिशवीतून बाटली काढली, त्यांच्या टेबलावर ठेवली. बूच काढलं. रिकामा पेला पुसला, त्यात ओतलं, त्यांच्यापुढे सरकवलं.

"हे आमच्याकडचं. तुम्ही घ्या."

"अहो, हे काय?"

"गाळलंय. तुरटी फिरवलीय."

त्यांनी पेला हातात घेतला, उजेडाकडे कलता करून आत बघितलं. बारीक तांबूस काहीतरी तळाशी फिरत होतं. त्यांनी पेला खाली ठेवला. ओठांजवळ नेला नाही. शिपाईबाई दारात थांबून बघत होत्या.

"तिचं उत्तर चूक आहे का?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"चूक असं नाही हो. पण पुस्तकात तसं दिलेलं नाही. एकीला गुण दिले की सगळ्या मनाचं लिहायला लागतील. तुम्ही समजून घ्या."

"मनाचं नाही. बघून लिहिलंय."

त्यांनी पेपरांचा गठ्ठा सरळ केला. माझ्याजवळचे शब्द संपले होते. बाटलीला बूच लावलं आणि उठले. पेला तसाच भरलेला राहिला, पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी. घरी येताना सगळ्या पायऱ्यांवर मला बोलणं सुचत गेलं. पुस्तकात नाही म्हणता, मग पुस्तक लिहिणाऱ्यानं आमचा पाइप बघितला का? मुलीनं माळ खिळ्याला टांगून बघितली, तुम्ही तिला काढ म्हणालात, विज्ञान कोणी केलं? राहणी अस्वच्छ कोणाची, पिणाऱ्याची की गटारात पाइप टाकून जाणाऱ्याची? एकेका पायरीला एकेक वाक्य. वर पोचले तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं.

निकालपत्रावर लिहून आलं, वरच्या वर्गात घातले. शाळेला तसं करता येतं, काठावरच्या मुलीला दया म्हणून वर ढकलता येतं. ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "गेली ना वर? मग झालं." पुन्हा 'मग'. नंदा मात्र रडली. शाळा सुटली नाही म्हणून हसायचं सोडून रडली. "पास नाही आई, घातलीय. उत्तर बरोबर होतं माझं." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. ते शून्य कोणी खोडलं नाही. खोडलं असतं तर एक वाक्य पुस्तकात जास्त लिहावं लागलं असतं.

नंदा पुढे चांगली शिकली. आता मुलुंडला एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला आहे. काचेच्या नळीत रक्त ठेवलं की तांबडं खाली बसतं, वर पाणी राहतं. काविळीच्या माणसाचं ते वरचं पाणी पिवळं दिसतं म्हणते. उन्हाळ्यात अशा नळ्या वाढतात. नळीबरोबरच्या कागदावरचा पत्ता वाचायच्या आधीच माणूस कुठल्या वस्तीतला ते तिला बहुतेक वेळा कळतं. सांगताना हसत नाही.

पाइप तिथंच आहे. मधे गटारावर सिमेंटच्या लाद्या टाकून गेले, त्यावर एका माणसाचं नाव रंगवलं. आता पाइप दिसत नाही, एवढीच सुधारणा. नळाची धार बारीक झाली की पहिलं भांडं अजून पिवळं येतं आणि आम्ही ते ओतून देतो. पाहुण्याला आमच्याकडे अजून आधी चहाच. लोकांना वाटतं, मोठं आतिथ्य.

परवा तवा घासून झाल्यावर मी हात धुतले आणि मीनाशेजारी जाऊन बसले. ती डोलायची थांबली. ताईची गोष्ट तिला ठाऊक आहे, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, हा प्रश्न आला तर मी काय लिहू? पुस्तकातलं की ताईचं?" विज्ञानाला त्याच बाई आहेत अजून. आता चष्मा लागलाय म्हणे.

मला खूप काही सांगता आलं असतं. पुस्तकातलं लिही, गुण घे, वर जा, नंतर बघू. शहाणी आई हेच म्हणेल. ह्यांनीही हेच सांगितलं असतं. सासूबाई खाटेवरून कान देऊन ऐकत होत्या. भिंतीवर खिळा होता, माळ केव्हाच चुरा होऊन गळून पडलीय.

"ताईचं लिही," मी म्हटलं. "पुस्तकातलं एक अक्षर घालू नकोस त्यात."

"आणि शून्य दिलं तर?"

"मग मी येते शाळेत. बाटली आहे अजून. मी ती घासून ठेवलीय."